बेडकीचं दुसरं नाव

"दार लावून घ्या, बाई," तात्या म्हणाले, आणि मी खुर्चीतून उठायच्या आत त्यांनी स्वतःच दवाखान्याच्या दाराला कडी घातली. मग खिडकीकडे बघितलं. तीही लावली. दिवसाढवळ्या आत इतका अंधार झाला की मला दिवा लावावा लागला.

"काय झालंय, तात्या?"

"मला काय बी झालं न्हाई. हिलाच इचारा." त्यांनी बायकोकडे हनुवटी उडवली.

तानूकाकी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "मोरीत मुंग्या लागाल्यात, बाई. ह्ये जाऊन आलं की लागत्यात. राख टाकली, पाणी वतलं. परत हाईतच."

"मुंग्यांचं काय घिऊन बसलीस," तात्या म्हणाले. "जलमभर गुळात हाय मी. माझ्या अंगालाच वास हाय गुळाचा."

हे काही अगदीच खोटं नव्हतं. तात्या म्हणजे ईश्वरा चौगले, आमच्या भोगावतीकाठचे नावाजलेले गुळव्या. उसाचा रस काईलीत, त्या मोठ्या कढईत, पडल्यापासून त्याचा गूळ होऊन थंड करायच्या वाफ्यात ओतेपर्यंत गुऱ्हाळात राज्य गुळव्याचं. जाळ वाढवा, जाळ मोडा, वर आलेली मळी काढा, सगळं तोच सांगणार. शेत कुणाचंही असो, ऊस कुणाचाही असो, काईल चुलवाणावरून, म्हणजे खालच्या मोठ्या चुलीवरून, उतरवायचा हुकूम त्याचा एकट्याचा. आणि गूळ कसा झालाय ते त्याने चाखून सांगितल्याशिवाय दुसरं कुणी तोंडात टाकायचं नाही, ही रीत. दिवाळी झाली की पाच गुऱ्हाळांचे मालक तात्यांच्या दारात बसत आणि आधी कुणाकडे, यावरून एकमेकांत भांडत.

ही गोष्ट एकोणीसशे पंच्याऐंशीची. मी सत्तावीस वर्षांची होते. आयुर्वेदाची पदवी घेऊन, नवऱ्याच्या हायस्कूलच्या नोकरीमागून या गावात आले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटला होता. लोक माझ्याकडे खोकला-पडशाला येत, नाहीतर दुसरीकडचं औषध लागू पडलं नाही म्हणून येत. तात्यांसारखा माणूस दार लावून माझ्यापुढे बसतो म्हटल्यावर मला थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

लघवी तपासायची तेव्हाची रीत सोपी होती. काचेच्या नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर धरायचं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं, आणि बघता बघता नळीत विटेसारखा लाल गाळ बसला. तात्या मान पुढे काढून बघत होते. उकळत्या कशाकडेही तसंच बघायची त्यांच्या डोळ्यांना सवय होती.

"रंग झ्याक आला की," ते म्हणाले. "आता उतराय पायजे."

"तात्या, ही साखर आहे. तुमच्या लघवीतली."

तानूकाकींनी कपाळाला हात लावला. तात्या मात्र नळीकडे बघतच राहिले.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. भात कमी, चहा बिनसाखरेचा, गोड बंद, गूळ तर मुळीच नाही. गूळ म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"चाखायचा तरी?"

"किती चाखता?"

"थोडा. नखावर बसंल येवढा."

तानूकाकी काहीतरी बोलणार होत्या. तात्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि त्या गप्प झाल्या. तेवढ्याला मी हो म्हटलं. ते नख केवढं होतं ते मला पुढे कळलं. दर काईलीला लिंबाएवढा खडा, आणि दिवसाला पाच-सहा काईली.

"कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे चला," मी म्हणाले. "गोळ्या लागतील. मी चिठ्ठी देते."

"न्हाई." ते एवढ्या जोरात म्हणाले की दिवा हलला. मग आवाज खाली आणून बोलले. "तिकडं कागदावर नाव पडलं की त्ये गावात याला येळ लागत न्हाई, बाई. साखरंचा मानूस गूळ चाखनार कसा म्हनतील. आनि चाखल्याबिगर गुळव्या कसला? उद्या माझ्या जागी दुसरा हुबा करत्याल. घरात बसून मी करू काय? मला जाळ कळतोय, रस कळतोय. दुसरं काय बी येत न्हाई मला."

मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. आणि मग मला माझ्या परसातली वेल आठवली.

ती मी कॉलेजच्या बागेतून फांदी आणून कुंपणावर चढवली होती. समोरासमोर जोडीने येणारी लहान पानं, बारीक पिवळी फुलं. दिसायला काही विशेष नाही. साखरेच्या रोग्याला तिचा पाला देतात, हे मी शिकले होते. कुणाला द्यायची संधी मात्र आली नव्हती.

"सकाळी अनशापोटी दोन पानं चावून खायची," मी सांगितलं. "महिनाभर बघू."

"नाव काय तिचं?"

"नाव कशाला हवं?"

"आसं कसं? औषधाचं झाड तोडायचं तर आदल्या सांजंला जाऊन तिला बोलवाय पायजे. माझा बाप तसंच करायचा. हळद-कुकू, तांदूळ वाहायचं, नाव घिऊन सांगायचं, बाई, माझ्या घरी दुखनं आलंय, उद्या माझ्यासंगं चल. नाव घेतल्याबिगर तोडला तर त्यो निस्ता पाला."

हा निमंत्रणाचा विधी आमच्या ग्रंथांतही आहे. त्यावर मी परीक्षेत उत्तर लिहून चांगले गुणही मिळवले होते.

"बेडकी," मी म्हणाले. "बेडकीचा पाला म्हणतात."

आणि हे खोटं नव्हतं. आपल्याकडे तिला बेडकी म्हणतात. पण त्या वेलीला आणखी एक नाव आहे, आणि ते तिच्या कामावरून पडलेलं आहे. ते नाव या माणसापुढे काढलं असतं तर तो पाल्याला हात न लावता उठून गेला असता. म्हणून मी ते गिळून टाकलं. रोग्याच्या भल्यासाठी एक नाव पोटात ठेवलं तर काय बिघडतंय, असं मला वाटलं. उलट आपण फार हुशार आहोत असंच वाटलं.

त्याच दिवशी संध्याकाळी तात्या परसात आले. डोक्याचा पटका काढून त्यांनी बाजूला ठेवला, वेलीपुढे उकिडवे बसले, हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "बेडकीबाई, ईश्वरा चौगल्याच्या घरी दुखनं आलंय. उद्या पाव्हनी म्हनून माझ्याकडं ये. तुझा मान ठेवीन." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मला हसू आलं. नवऱ्यालाही बोलावून मी ते दाखवलं. आज आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून पाला सुरू झाला. तात्यांनी पथ्य असं पाळलं की मीच थक्क झाले. गोड म्हणून जिभेला लावलं नाही. पाचव्या दिवशी नळीतला रंग पिवळ्यावर थांबला. मी खूश, तानूकाकी खूश. तात्या म्हणाले, "पाव्हनी गुनाची हाय." मीही मान डोलावली.

सहाव्या दिवशी आक्काताई मगदूमांचं गुऱ्हाळ सुरू झालं. आक्काताईंचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या मागे ही बाई एकटी सगळं रान बघत होती. मळ्याची तांबडी जमीन चांगली होती, पण नदीकडचा तुकडा चोपण, म्हणजे उन्हाळ्यात वर पांढरा खार फुटायचा. दीर म्हणत होते, विकून टाक. आक्काताईंनी विकला नाही. तीन वर्षं तिथे चर खणले, ताग पेरून गाडला, पाणी काढून दिलं, आणि चौथ्या वर्षी ऊस लावला. ऊस तर चांगला आला. पण खारवट रानातल्या उसाचा गूळ खारट होतो, आणि खारट गूळ पावसाळ्यात पाझरतो, टिकत नाही. तो तुकडा सुधारला की नाही, हे आता गूळच सांगणार होता. म्हणजे तात्या सांगणार होते.

पहिला दिवस मळ्याच्या उसाचा होता, तो नीट पार पडला. दुसऱ्या दिवशी नदीकडचा ऊस घाण्याला लागला. त्या सकाळी नऊच्या सुमाराला तानूकाकी पळत माझ्या दारात आल्या. पायात चप्पल नव्हती.

"बाई, ह्यांची जीभ गेली!"

"जीभ गेली म्हणजे? बोलता येत नाही का?"

"बोलत्यात. पर गूळ लागंना झालाय जिभंला. फावडं टाकून बसल्यात. चला तुमी!"

मी लूना काढली. काकींना मागे बसवलं आणि शेताच्या रस्त्याने निघाले. वाटेत तीनदा तरी मी स्वतःला सांगितलं की असं व्हायचं काही कारण नाही, मी पाला सकाळी अनशापोटी खायला सांगितला होता. पण कारण मला ठाऊक होतं.

गुऱ्हाळावर पोचले तर घाणा बंद होता. दुसरी काईल रसाने भरून चुलवाणावर चढलेली, तिच्याखाली बापू नावाचा माणूस चिपाडं सारत होता. वाफ्यात पहिल्या काईलीचा गूळ ओतलेला होता, सोन्यासारखा पिवळा, पण त्याला कुणी हात लावला नव्हता. तात्या चिपाडाच्या ढिगावर गुडघ्यांत मान घालून बसले होते. गूळ हाटायचं लाकडी फावडं त्यांच्या पायाशी आडवं पडलेलं. आक्काताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"माती लागतीया," तात्या मान वर न करता म्हणाले. "खारट माती. मला वाटलं, रान बिघडलंय. तसं मी सांगून बी टाकलं आक्काताईला. मग कालचा मळ्यातला गूळ मागून तोंडात टाकला. त्यो बी माती. काल त्योच गूळ मी झ्याक म्हनलो हुतो. म्हंजे रान न्हवं, मीच बिघडलोय."

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"काय न्हाई. पहाटंधरनं काईलीपाशीच हाय. मघाशी याद आली तवा..." ते थांबले. आक्काताईंकडे बघून त्यांनी वाक्य गिळलं.

अनशापोटी, मी सांगितलं होतं. तात्यांनी तसंच केलं होतं. पानं कनवटीला बांधून गुऱ्हाळावर आणली आणि पहिली काईल उतरायच्या ऐन वेळेला चावून खाल्ली. आधीच्या दिवसांत गोड बंदच होतं, त्यामुळे पाला तोंडात काय करतो ते कळायला त्यांना वावच नव्हता. कालसुद्धा पानं पहाटे घरी खाल्लेली, आणि गूळ चाखायला दुपार झाली होती.

"तात्या, जरा बाजूला येता?" मी म्हणाले.

"बाजूला कशाला? जीभ समद्यांसमोर गेलीया, समद्यांसमोरच सांगा. परत यील का न्हाई?"

"येईल. तासाभरात येईल."

"तुमाला कसं ठावं?"

एक खोटं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गरम गुळाने जीभ पोळली आहे, म्हणायचं. सगळं झाकलं गेलं असतं. तात्यांचं गुपित राहिलं असतं, माझंही. पण मग उद्या परवा ते पुन्हा ऐन काईलीच्या वेळी पाला खाणार, पुन्हा असंच होणार. आणि समोर हा माणूस आपला जन्म संपला अशा डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता. मी त्यांना त्या डोळ्यांनी आणखी एक मिनिटही बघू देऊ शकत नव्हते.

"तो पाला," मी म्हणाले. "बेडकीचा. त्याचं दुसरं नाव गुडमार. गूळ मारणारी. ती चावली की तासभर जिभेला गोड लागत नाही. तुमची जीभ चांगली आहे, तात्या. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

बापू चुलवाणापाशी उठून उभा राहिला. "गुडमार? माझ्या मेव्हन्याला देत हुते त्यो. साखरंवर देत्यात न्हवं?"

झालं. एका वाक्यात सगळं उघडं पडलं. दार-खिडकी लावून जे सांगितलं होतं, ते मी शेताच्या मध्यावर, चारचौघांसमोर ओतून टाकलं होतं. तानूकाकी खालीच बसल्या.

मला वाटलं, आता तात्या मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"गोड मारतीया. खारट बी मारतीया काय?"

"नाही. फक्त गोड."

"नक्की?"

"नक्की."

ते उठले. चूळ भरली. "आक्काताई, एक खडा आताच्या गुळातला घ्या, एक कालच्या. कुठला कुठला त्ये मला सांगू नगा." त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला.

आक्काताईंनी एक खडा हातावर ठेवला. तात्यांनी तो जिभेवर घोळवला, गिळला, चूळ भरली. दुसरा खडा घेतला. पुन्हा चूळ. मग पहिला मागितला, मग दुसरा, मग परत पहिला. मला त्यांना थांबवायला हवं होतं, एवढा गूळ पोटात जात होता. पण मी थांबवलं नाही.

"दोन्ही मातीच," शेवटी ते डोळे मिटूनच म्हणाले. "पर खार दोन्हीत सारखा. मीठभाकरीतल्या मिठाच्या खड्याएवढा बी न्हाई. येवढा तर समद्याच गुळात असतोय. गोडाच्या आड बसतोय म्हनून कळत न्हाई." त्यांनी डोळे उघडले. "आक्काताई, तुमचं रान सुधारलंय. मघाशी बोललो त्ये माघारी घेतो."

आक्काताईंनी पदर तोंडावर ओढला आणि त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. चार वर्षांचं जे काही आत साठलं होतं, ते बाहेर येत होतं.

तात्यांनी जमिनीवरचं फावडं उचललं. मला वाटलं, काईलीत घालतील. त्यांनी ते झटकलं, धुतलं आणि आक्काताईंच्या पायापाशी नेऊन ठेवलं.

"आता दुसरा गुळव्या बघा. वडनग्यात हाईत दोघं-तिघं, निरोप धाडला तर दुपारपतुर येत्याल. तवर ही काईल बघतो मी."

मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"बाई, मी त्या वेलीला हळद-कुकू वाहिलं. पाव्हनी म्हनून बोलावलं तिला. ती माझ्या घरात काय कराय आलीया त्ये तुमाला ठावं हुतं. मला न्हाई."

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतला असता का पाला?"

"न्हाई."

"म्हणून तर नाही सांगितलं, तात्या! तुमच्याच जिवासाठी."

"व्हय. जिवासाठीच." त्यांनी मान हलवली. "घेतला नसता मी. पर न्हाई म्हनायचं माझं हुतं, बाई. त्ये तुमी माझ्याकडनं काढून घेतलंसा."

पुढे चाळीस वर्षं मी औषधं दिली, दर पुडीबरोबर तिचं नाव आणि ती काय करणार तेही सांगितलं. ते ऐकून कितीतरी लोक पुडी ठेवून गेले. प्रत्येक वेळी मला तात्यांचा तो आवाज ऐकू यायचा.

"मग आता सांगते सगळं," मी म्हणाले. आणि तिथेच, काईलीच्या धगीत उभी राहून, मी सगळं सांगितलं. पाला खाल्ला तर काय होईल, नाही खाल्ला तर काय होईल. गोळ्या घेतल्या तर काय. काहीच केलं नाही तर डोळे जातात, पायाच्या जखमा भरत नाहीत, तेही लपवलं नाही.

"पाला न्हाई," शेवटी तात्या म्हणाले. "मुकाट्यानं गोळ्या घीन. समद्या गावाला आता कळलंच हाय, मग कोल्हापूरला जायाची लाज कसली?"

"आणि गूळ?"

"गुळव्या ऱ्हायलोच न्हाई तर गुळाचं काय?"

"तसं कशाला? चाखा आणि थुंकून टाका. जिभेला कळलं की काम झालं. पोटात जायला नको, एवढंच."

बापूच्या हातातलं चिपाड हातातच राहिलं. तानूकाकींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. मला कळेना, चुकलं काय.

"गूळ थुकायचा?" तात्या म्हणाले. "गुऱ्हाळात हुबं ऱ्हाऊन?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी स्वतः आल्या आल्या चपला लांब काढल्या होत्या, कारण इथे सगळेच काढतात. सांडलेला गूळ इथे कुणी पायाखाली येऊ देत नाही. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस आला तरी त्याच्या हातावर गूळ ठेवतात, आणि त्यानेही नको म्हणायचं नसतं. तिथे मी गुळव्याला गूळ थुंकायला सांगत होते.

"माझ्या बापाची जीभ पोळून फोड आला हुता, तरी गिळला त्यानं. न्हाई, बाई. त्यापरीस घरात बसलेलं बरं."

आक्काताई इतका वेळ पाठमोऱ्याच होत्या. आता वळल्या. डोळे लाल झाले होते, पण चाल नेहमीची, मालकिणीची. त्या चुलवाणाच्या मागे गेल्या, एक घमेलं उचललं, त्यात थंड राख भरली आणि काईलीच्या उजव्या अंगाला, गुळव्या उभा राहतो तिथे आणून ठेवलं. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. मग पायाशी पडलेलं फावडं उचलून तात्यांच्या हातात दिलं.

"म्या गुळव्या सांगितला हुता," त्या म्हणाल्या. "निस्ती जीभ न्हवं. दुसरी काईल बी तुमचीच, तिसरी बी तुमचीच. चाखा, आनि ह्यात थुका."

"आक्काताई, लक्षुमी हाय ती."

"लक्षुमी माझ्या रानातली हाय. तिला काय सांगायचं त्ये मी बघीन."

तात्या फावडं धरून तसेच उभे राहिले. मग काईलीतून मळी वर आली आणि त्यांचे डोळे आपोआप तिकडे गेले. "बापू, जाळ मोड," ते म्हणाले. "लई झाला."

मी त्या दिवशी दवाखाना उघडलाच नाही. दोन तास तिथेच एका दगडावर बसून राहिले. रस निवळला, आटला, त्याला सोनेरी बुडबुडे यायला लागले. तात्यांनी पाक गार पाण्यात सोडून त्याची गोळी वळली, काईलीच्या काठावर आपटून तिचा आवाज ऐकला आणि काईल उतरवायला सांगितली. गूळ वाफ्यात ओतला गेला. हाटून हाटून तो घट्ट होत आला.

तात्यांनी खडा काढला. या वेळी तो खरंच नखाएवढा होता. कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि गोड परत आल्याचं मला त्यांनी सांगायच्या आधी कळलं. मला रडू आवरेना.

मग ते राखेच्या घमेल्याकडे वळले. तेवढ्यात बापूला चुलीत काहीतरी दिसलं. तानूकाकी तांब्या उचलायला वाकल्या. मी माझ्या पायांकडे बघितलं. तिकडे कुणीच बघत नव्हतं. एकट्या आक्काताई तेवढ्या मान न फिरवता उभ्या होत्या. त्यांनी वाफ्यातल्या गुळाला हात जोडले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तशा त्या मोठ्याने म्हणाल्या,

"आई, राग धरू नगंस. तुला टाकत न्हाई त्यो. जगाय बघतोय."